किरणोत्सारी स्रोताची नोंद कशी होते आणि ती का लागते

एका एमआयडीसीतला बंद पडलेला कारखाना दुसऱ्या मालकाने घेतला होता. जुनी यंत्रं काढून विकायची होती आणि त्याआधी सुरक्षेची पाहणी करायला मला बोलावलं होतं. वरच्या मजल्यावर एका मोठ्या हॉपरच्या (माल साठवायच्या टाकीच्या) अंगाला, छातीच्या उंचीवर, एक लोखंडी डबा बोल्टांनी आवळलेला होता. आकाराने स्वयंपाकघरातल्या मोठ्या पातेल्याएवढा, पण आत शिसं भरलेलं असल्याने चांगलाच जड. कधीतरी सगळ्या यंत्रांना चंदेरी रंग मारताना रंगाऱ्याने यालाही मारला होता, पाटीसकट. भंगाराच्या यादीत त्याच्यापुढे लिहिलं होतं: ‘व्हॉल्व्ह, १ नग’.

तो व्हॉल्व्ह नव्हता. हॉपरच्या बरोबर समोरच्या बाजूला एक लांब नळीसारखं उपकरण होतं आणि त्यातून वायर खाली कंट्रोल रूमकडे गेली होती. डब्यातून गॅमा किरण निघतात, हॉपरमधून आरपार जाऊन समोरच्या नळीवर पडतात. माल वर चढला की किरण अडतात, नळीला कमी मिळतात, आणि खाली बसलेल्या ऑपरेटरला हॉपर किती भरलाय ते कळतं. आत हात घालावा लागत नाही, झाकण उघडावं लागत नाही. सिमेंट, पोलाद, रसायनं, कोळसा यांच्या कारखान्यांत अशी मापकं असतात. कामगार त्याला ‘गेज’ म्हणतात.

आधी मीटर लावून डब्याचं शटर बंद आहे ना याची खात्री केली, मग थिनरमध्ये बुडवलेल्या फडक्याने पाटी पुसली. हळूहळू अक्षरं वर आली. सीझियम-१३७. किती क्षमतेचा. कोणत्या तारखेला मोजलेली क्षमता. आणि एक क्रमांक. या चार गोष्टी वाचता आल्या म्हणून पुढचं सगळं मार्गी लागलं. त्या वाचता आल्या नसत्या तर काय झालं असतं, हे मला नीट माहीत आहे, कारण जगात ते अनेकदा झालेलं आहे.

किरणोत्सारी पदार्थ धातूच्या कुपीत भरून, कुपीचं तोंड वेल्डिंगने कायमचं बंद करतात. याला सीलबंद स्रोत म्हणायचं, बोलताना नुसतं ‘सोर्स’. कुपी शाबूत असेल तर आतला कण बाहेर येत नाही, फक्त किरण येतात. कुपी ज्या जाड डब्यात बसवतात, ज्याला शटर असतं, कुलूप असतं, ते उपकरण. नियामकाच्या (आपल्याकडे अणुऊर्जा नियामक मंडळाच्या) लेखी कुपी आणि डबा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, कारण डबा तोच राहतो आणि कुपी बदलत जाते.

दवाखान्यातल्या एक्स-रे मशीनचीही नोंद करावी लागते, आणि बऱ्याच डॉक्टरांना ही पद्धत तिथूनच ठाऊक असते. पण त्या मशीनमध्ये सोर्स नसतो. प्लग काढला की किरण संपले. भंगारात गेलं तरी ते फक्त लोखंड आणि काच. कुपीला प्लग नाही. ती दिवसरात्र, सुट्टीच्या दिवशी, कारखाना बंद पडल्यावर, मालक वारल्यावरही किरण सोडतच राहते.

आपल्या अवतीभवती अशा कुप्या पुष्कळ आहेत. लासलगावला कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून उभारलेल्या केंद्रात कोबाल्ट-६० आहे. २००७ मध्ये अमेरिकेला गेलेला आंबा तिथूनच विकिरण करून गेला होता. ट्रॉम्बेच्या ‘आयसोमेड’ या केंद्रात १९७४ पासून शस्त्रक्रियेचं साहित्य कोबाल्टच्याच किरणांनी निर्जंतुक होत आलं. कॅन्सर रुग्णालयात शरीराच्या आत, गाठीजवळ नेऊन ठेवायचा इरिडियम-१९२ असतो. आणि जिथे गॅसची किंवा तेलाची पाइपलाइन जोडली जाते तिथे वेल्डिंगच्या सांध्याचा फोटो काढायला तोच इरिडियम लागतो. साइटवरची पोरं त्या उपकरणाला ‘कॅमेरा’ म्हणतात. वीसेक किलोचा डबा, आत अगदी छोटी कुपी एका लवचीक तारेच्या टोकाला. क्रँक फिरवला की तार कुपीला नळीतून बाहेर ढकलते, फिल्म उमटते, उलटा फिरवला की कुपी परत डब्यात. नव्या ५० क्युरीच्या (क्युरी हे कुपीच्या क्षमतेचं माप) कुपीपासून एक मीटरवर तासभर उभं राहिलं तर साधारण २४० मिलिसिव्हर्ट (हे अंगाला मिळालेल्या किरणांचं माप) मात्रा मिळते. सामान्य माणसासाठी वर्षभराची मर्यादा १ मिलिसिव्हर्ट आहे. कुपी खिशात घातली, तर अंतर मीटरवरून सेंटिमीटरवर येतं आणि तिथल्या मांसावरची मात्रा हजारो पटींनी वाढते.

म्हणून नोंद. पण नोंद म्हणजे परवानगीचा कागद, एवढाच तिचा अर्थ घेतला तर मुद्दा हुकतो. सीझियम-१३७ निम्मा व्हायला ३० वर्षं लागतात. अमेरिशियम-२४१ ला ४३२. या काळात कंपनी विकली जाते, मॅनेजर निवृत्त होतो, ज्या मेकॅनिकला ‘त्याला हात लावायचा नाही हं’ एवढं ठाऊक होतं तो गावी परततो. कुपीचं आयुष्य माणसांच्या आठवणीपेक्षा मोठं आहे. तेव्हा ती कुठे आहे आणि कुणाच्या ताब्यात आहे, हे सतत सांगू शकेल अशी आठवण माणसांच्या बाहेर, एका ठिकाणी ठेवावी लागते.

दिल्लीतल्या मायापुरीत २०१० मध्ये काय झालं ते बऱ्याच जणांना आठवत असेल. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात ‘गॅमा सेल’ नावाचं एक यंत्र होतं, आत कोबाल्ट-६०. १९८५ पासून ते वापरात नव्हतं. नुसतं पडून होतं. फेब्रुवारी २०१० मध्ये बाकीच्या जुन्या सामानाबरोबर त्याचा लिलाव झाला. मायापुरीच्या भंगार बाजारात शिशाच्या लोभाने ते फोडलं गेलं. शिशाला भाव असतो, आणि तो माणूस त्याचा धंदा करत होता, त्याला कोण दोष देणार? एप्रिलमध्ये माणसं आजारी पडायला लागली. त्वचा काळी पडली, केस गळाले. एकाचा जीव गेला. यातली मला सर्वांत बोचणारी गोष्ट ही की तोवर त्या कोबाल्टचं वय चाळीसेक वर्षं झालं होतं. कोबाल्ट सव्वापाच वर्षांत निम्मा होतो, म्हणजे तो सातआठ वेळा निम्मा होऊन मूळच्या एका टक्क्याहूनही कमी उरला होता. तेवढ्याने माणूस मेला. आणि ते यंत्र आलं तेव्हा आपल्याकडे स्वतंत्र नियामकच नव्हता. अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झालं १५ नोव्हेंबर १९८३ ला. आधीच्या काळात आलेल्या वस्तूंची मागाहून नोंद घेणं हे सगळ्याच देशांत फार जिकिरीचं काम ठरलं आहे.

मेक्सिकोतल्या सिउदाद हुआरेझची गोष्ट तर सुरुवातीपासूनच नोंदीबाहेरची. कॅन्सरवरच्या उपचाराचं एक जुनं कोबाल्ट यंत्र १९७७ मध्ये अमेरिकेतून तिथल्या एका खासगी रुग्णालयाने विकत आणलं, सरकारला न कळवता. ते कधी बसवलंच नाही. सहा वर्षं गोदामात पडलं. १९८३ च्या डिसेंबरात ते भंगारात गेलं. आतले कोबाल्टचे सुमारे सहा हजार बारीक मणी सांडले, लोखंडाबरोबर वितळले, त्याच्या सळ्या झाल्या, टेबलांचे पाय झाले, आणि माल सीमेपलीकडेही गेला. उलगडा कसा झाला? जानेवारी १९८४ मध्ये सळ्या घेऊन जाणारा एक ट्रक न्यू मेक्सिकोतल्या लॉस अलामॉस या अणुसंशोधन केंद्राच्या दारातल्या किरणोत्सार तपासणीच्या यंत्राजवळून गेला आणि घंटा वाजली. ट्रकने दुसरा रस्ता धरला असता तर कुणाला कधी कळलं असतं, सांगता येत नाही.

आता आपल्याकडची पद्धत. मुंबईत अणुशक्तीनगरला नियामक मंडळाचं कार्यालय आहे. १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याखाली २००४ मध्ये किरणोत्सार संरक्षणाचे नियम निघाले आणि त्यांनी परवानगीच्या पायऱ्या ठरवल्या. धोका जास्त असेल तिथे लायसन्स, त्याखाली ऑथोरायझेशन, त्याखाली रजिस्ट्रेशन. पाइपलाइनवरची रेडिओग्राफी (सांध्यांचे फोटो काढणं) आणि कॅन्सरचं टेलिकोबाल्ट (बाहेरून कोबाल्टचे किरण देणारं यंत्र) लायसन्समध्ये येतं, तर हॉपरवरच्या गेजला रजिस्ट्रेशन पुरतं. हे सगळं आता ‘ई-लोरा’ नावाच्या संगणक प्रणालीवर होतं. (नाव ऐकून आपल्याला वेरूळच आठवतं.)

धोका जास्त की कमी हे ठरवण्यामागे एक साधा भागाकार आहे, तो समजून घेण्यासारखा आहे. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने प्रत्येक पदार्थासाठी एक आकडा काढून ठेवलाय: एवढा पदार्थ मोकळा सुटला तर माणसाला कायमची गंभीर इजा होऊ शकते. सीझियम-१३७ साठी हा आकडा ०.१ टेराबेकरेल (क्युरीसारखंच क्षमतेचं माप), इरिडियमसाठी ०.०८, कोबाल्टसाठी ०.०३. तुमच्या कुपीची क्षमता या आकड्याने भागायची. उत्तर १००० किंवा वर आलं तर पहिला वर्ग, १० ते १००० दुसरा, १ ते १० तिसरा, त्याखाली चौथा आणि पाचवा. पाइपलाइनवरच्या ५० क्युरीच्या, म्हणजे १.८५ टेराबेकरेलच्या, इरिडियमला भागलं की २३ येतात, म्हणजे दुसरा वर्ग. १९८७ मध्ये ब्राझीलच्या गोयानियात एका सोडून दिलेल्या दवाखान्यातून चोरीला गेलेल्या सीझियमला भागलं की सुमारे ५०९ येतात. तिथे चार माणसं दगावली आणि एक लाखाहून जास्त लोकांची तपासणी करावी लागली.

परवानगीत तीन प्रश्न गुंतलेले असतात आणि अर्ज करणारे नेहमी त्यांची गल्लत करतात.

पहिला प्रश्न मॉडेलचा. हा डबा, ही कुपी या बनावटीची म्हणून सुरक्षित आहे का? याचं उत्तर बनवणाऱ्याने किंवा आयात करून विकणाऱ्याने द्यायचं, प्रत्येक गिऱ्हाइकाने नाही. त्याला ‘टाइप अप्रूव्हल’ म्हणतात. अमेरिकेत यासाठी सीलबंद स्रोत आणि उपकरणांची वेगळी सरकारी नोंदपुस्तिकाच आहे. तिथे मॉडेलचं प्रमाणपत्र एकदा नोंदलं गेलं की राज्याराज्यांतले अधिकारी त्याच कागदाचा आधार घेतात. कुपीच्या कागदांवर एक सांकेतिक क्रमांक दिसतो, उदाहरणार्थ सी४३५१५. तो बघून बहुतेक जण पान उलटतात. पण त्यातला प्रत्येक आकडा ही एक परीक्षा आहे. पहिला ४ म्हणजे तापमान: उणे ४० अंशांपासून ४०० अंशांपर्यंत, आणि ४०० वरून एकदम थंड पाण्यात. ३ म्हणजे २ मेगापास्कलपर्यंतचा दाब. ५ म्हणजे एक मीटर उंचीवरून ५ किलोचा हातोडा पडला तरी फुटणार नाही. १ म्हणजे कंपनाची परीक्षा घेतलेली नाही. शेवटचा ५ म्हणजे टोकदार खिळ्यासारखी वस्तू लावलेलं ३०० ग्रॅमचं वजन एक मीटरवरून पडलं तरी भोक पडणार नाही. उघड्यावर, खडकाळ साइटवर बाहेर काढल्या जाणाऱ्या रेडिओग्राफीच्या कुपीला एवढं लागतं. कायम डब्यातच राहणाऱ्या गेजच्या कुपीला कमी चालतं, ४३२३२. हा क्रमांक वाचायला शिकलात तर चुकीच्या कामासाठी चुकीची कुपी मागवली जात असेल तर ती कागदावरच पकडता येते.

दुसरा प्रश्न तुमचा. तुम्ही हे सांभाळू शकता का? इथे प्रशिक्षित आणि मंडळाने मान्य केलेला सुरक्षा अधिकारी हवा, ज्याला सगळे आरएसओ म्हणतात. काम करणाऱ्यांच्या छातीवर टीएलडी बॅज (अंगाला मिळालेली मात्रा नोंदणारे) हवेत, ते दर तीन महिन्यांनी मोजायला पाठवायचे. चालू स्थितीतला, वेळेवर कॅलिब्रेट केलेला सर्व्हे मीटर (किरण मोजायचं यंत्र) हवा. कुपी वापरात नसताना ठेवायला कुलपाची जागा हवी, तिचा नकाशा दाखवायचा. माझ्या पाहण्यात अर्ज अडकतात ते बहुतेक इथेच, आणि तेही आरएसओवरून. त्याने नोकरी सोडली आणि त्याच्या जागी दुसरा नेमलाच नाही, तर कुपी आहे तिथेच असते, पण तिच्याकडे बघणारं कुणी उरत नाही. मालकांना मी कळकळीने सांगतो की आरएसओचा राजीनामा हातात पडला त्याच दिवशी पुढच्या माणसाचा शोध सुरू करा.

तिसरा प्रश्न या एका कुपीचा. मॉडेल मान्य, तुम्ही मान्य, तरी प्रत्येक कुपी आणायला वेगळी परवानगी लागते. अणुऊर्जा विभागाच्या, वाशीच्या ‘ब्रिट’ या संस्थेकडून घ्या किंवा परदेशातून मागवा. परदेशी असेल तर वापर संपल्यावर परत घेण्याची हमी आधीच कागदावर लागते. मग कुपी आली की आल्याचं कळवायचं, क्रमांकासकट. एका साइटवरून दुसरीकडे नेली तर कळवायचं. ठरलेल्या मुदतीने सुरक्षेचा अहवाल द्यायचा. कुपीचं तोंड सुटलं नाही ना हे बघायला कापसाच्या बोळ्याने पुसून तो बोळा मोजायचा. त्यावर २०० बेकरेलपेक्षा जास्त आलं तर ती गळतेय असं धरायचं.

या तिसऱ्या प्रश्नाचाच लोकांना सर्वांत कंटाळा येतो. दर खेपेला काय तेच तेच, असं म्हणतात. पण ऑस्ट्रेलियात २०२३ च्या जानेवारीत जे घडलं ते या कंटाळ्याला चोख उत्तर आहे. लोहखनिजाच्या खाणीवरचं एक गेज दुरुस्तीसाठी ट्रकने पर्थला निघालं. १४०० किलोमीटरचा रस्ता. वाटेत हादऱ्यांनी स्क्रू सुटला, आणि आतली कुपी बोल्टच्या भोकातून रस्त्यावर पडली. ६ मिलिमीटर बाय ८ मिलिमीटर, हरभऱ्याच्या दाण्याएवढी. २५ जानेवारीला खोकं उघडल्यावर ती नसल्याचं कळलं. मग गाड्यांवर मोजयंत्रं बसवून तो महामार्ग पिंजून काढला आणि १ फेब्रुवारीला ती सापडली, रस्त्याच्या कडेपासून दोनेक मीटरवर. काय हरवलंय, कोणता पदार्थ, किती क्षमतेचा, कुठून निघाला आणि कुठे पोचायला हवा होता, हे सगळं माहीत होतं म्हणून शोधता आलं. सापडल्यावर ती हीच, हे तिच्या अंगावर कोरलेल्या क्रमांकावरून पक्कं केलं. आपल्या भागाकाराने ती चौथ्या वर्गातली, म्हणजे तशी कमी धोक्याची. तरी नोंद काटेकोर होती.

याच्या उलट गोष्ट आपल्याच दारातली आहे. २००८ मध्ये फ्रान्सला गेलेली लिफ्टची बटणं किरणोत्सारी निघाली. भारतात ओतलेल्या पोलादात कोबाल्ट-६० मिसळला होता. तिथल्या कारखान्यातल्या वीसेक कामगारांना सामान्य माणसाच्या वार्षिक मर्यादेपेक्षा जास्त मात्रा मिळाली. माग काढत काढत तो खोपोलीतल्या एका ओतशाळेपर्यंत पोचला. भट्टीत पडलेल्या कुपीचा क्रमांक वितळून जातो. ती कुणाची, कुठून आली, कुणाच्या यादीतून गळली, हे भट्टीनंतर विचारायला जागा उरत नाही. म्हणून मोठ्या पोलाद कारखान्यांच्या फाटकावर वजनकाट्याशेजारी किरणोत्सार मोजणारे खांब असतात. लहान ओतशाळांनाही ते परवडावेत असं मला मनापासून वाटतं.

भंगारवाल्यांसाठी एक खूणही केली आहे. तीन पात्यांचं पिवळं-काळं चिन्ह आपल्याला ओळखीचं असलं तरी ज्याने ते शिकलेलंच नाही त्याला ते पंख्यासारखं दिसतं. म्हणून २००७ मध्ये नवं चिन्ह आलं: लाल त्रिकोण, वरून येणाऱ्या लाटा, कवटी, आणि पळणारा माणूस. ते डब्याच्या बाहेर लावत नाहीत. आत, कुपीच्या जवळ लावतात, म्हणजे कुणी डबा फोडायला घेतला तर तेव्हाच समोर येईल. असा त्रिकोण किंवा अर्धवट पुसलेलं तीन पात्यांचं चिन्ह कुठे दिसलं, किंवा आकाराच्या मानाने नको इतका जड डबा हाती लागला, तर तो तसाच सोडून लांब व्हा, इतरांना लांब करा आणि पोलिसांना कळवा. ते नियामक मंडळापर्यंत पोचवतात.

त्या हॉपरवरच्या डब्याचं पुढे काय झालं? क्रमांकावरून पुरवठादाराच्या जुन्या खात्यात तो सापडला. आधीच्या मालकाच्या नावावर नोंद होती; कारखाना बंद झाल्यावर अहवाल यायचे थांबले होते. नव्या मालकाने रीतसर कळवलं, ताबा आपल्याकडे घेतला, आणि कुपी परत पाठवायची परवानगी मागितली. त्याने त्यासाठी खर्च केला, वेळ दिला, एकदाही कुरकुर केली नाही. परवानगी आल्यावर शटरला कुलूप घालून, प्रशिक्षित माणसांनी डबा उतरवला, दर बाजूने मोजला, पेटीत बसवला, पेटीवर खुणा लावल्या. ट्रक निघून गेला. पण मालकाच्या नावावरची नोंद त्या दिवशी निघाली नाही. पलीकडे पेटी उघडली गेली, पाटीवरचा क्रमांक कागदाशी ताडून पाहिला, आणि ‘मिळाला’ असं लेखी आलं, तेव्हा निघाली. मधले दिवस तो रोज संध्याकाळी फोन करून विचारायचा, ‘आलं का हो पत्र?’